लांजेवारबाईंचा दुसरा मजला

लांजेवारबाईंनी कोणाचे आभार मानलेले मी कधी ऐकले नाहीत. दार धरून उभा राहिलेला असो, खुर्ची पुढे सरकवणारा असो, पडलेली कुबडी उचलून देणारा असो. बाई त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू त्याने रस्त्यात आडवी लावलेली गाडी आत्ता कुठे बाजूला घेतली. नव्या माणसाला याचा राग यायचा. "काय घमेंडी बाई आहे हो तुमची!" हे मला कितीतरी जणांनी ऐकवलं आहे. मी म्हणायचो, घमेंडी आहेतच. पण 'तुमची' कशाला म्हणता, त्या कोणाच्याच नाहीत.

आमची गाठ पडली ती टेबलामुळे. कामगारांच्या भरपाईचे दावे चालतात अशा एका कोर्टात मी वकिली करतो. कोर्टाचं नाव सांगत नाही, कारण माझी भाकरी अजून त्याच तव्यावर भाजली जाते. इमारत भाड्याची. तळमजल्यावर जुन्या फायलींची खोली, बाहेर पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये आम्हा वकिलांची टेबलं. खरं कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. शेडमधलं एक टेबल बाईंच्या आणि माझ्या वाट्याला आलं होतं. त्या वयाने मोठ्या, वकिलीतही मोठ्या, त्यामुळे पंख्याखालची बाजू त्यांची आणि उन्हाची माझी. याबद्दल कधी चर्चा झाली नाही.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या साडीवर काळा कोट. उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. त्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार आणि काखेत कुबडी. येणं-जाणं मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून. ती स्कूटर त्या अशी चालवायच्या की चौकातले वाहतूक पोलीससुद्धा आधी बाजूला व्हायचे आणि मग शिट्टी वाजवायचे. आवाज मात्र रामटेककडचा, धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला. तीन बांध्या पलीकडे चिखलणी करणाऱ्या बापाला जेवायला हाक मारून मारून घडलेला तो आवाज होता. शेडमध्ये कानात बोलल्या तरी फाटकाबाहेरच्या पोहेवाल्याला कळायचं.

माझं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला इकडे आलेलं, आणि त्यानंतर आम्ही दुसरं काहीच केलं नाही. हे कळल्यापासून बाई मला 'पंत' म्हणायला लागल्या. पोह्यांवर त्या एवढी तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा, ओतून घ्यायच्या की पोहे दिसायचे बंद व्हायचे. माझी बशी कोरडी बघितली की म्हणायच्या, "काहून गा पंत, पोह्यांले वाईट वाटन म्हणून तर्री घेत नाही का? तुमच्या अशिलाची कीव येते मले." मग स्वतःच्या वाटीतली तर्री माझ्या बशीत. ती खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना खरा आनंद व्हायचा.

दयेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. तिटकारा हा शब्दही सौम्य आहे. एकदा रामटेकला गडाच्या पायथ्याशी त्या सावलीत उभ्या होत्या, आई दर्शन घेऊन खाली यायची होती. साधी साडी, काखेत कुबडी. एक सद्गृहस्थ सहकुटुंब आले, बाईंच्या हातावर त्यांनी दहाची नोट ठेवली आणि वर हात जोडले. दुसऱ्या कोणीही ती नोट परत केली असती, दोन शब्द सुनावले असते. बाईंनी नोट पर्समध्ये टाकली, आपलं कार्ड काढून त्यांना दिलं आणि म्हणाल्या, "ही सल्ल्याची फी झाली. बोला, काय विचाराचं आहे?" गंमत पुढेच आहे. त्या गृहस्थांचा भावाशी वाटणीचा तंटा चालला होता. त्यांनी तिथेच झाडाखाली बसून चांगला अर्धा तास सल्ला घेतला. "सल्ला पक्का देल्ला गा," बाई सांगायच्या, "फी कमी होती म्हणून कमी नाही देल्ला."

'दिव्यांग' हा शब्दही त्यांना चालत नसे. एका कार्यक्रमात कोणी साहेब त्या शब्दाची थोरवी सांगत होते, दैवी शक्ती वगैरे. बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "साहेब, शब्द मोठा केल्यानं पायरी लहान होते का?" साहेबांनी पाणी प्यायलं. ते व्यासपीठही चार पायऱ्यांवर होतं आणि बाईंचा सत्कार खालीच उरकलेला होता.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पदवीदान समारंभात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा चार धडधाकट विद्यार्थी पुढे आले आणि त्यांना न विचारता खुर्चीसकट उचलून त्यांनी मंचावर नेलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढाऱ्यांनी त्या चौघांच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्या दिवशी पेपरात त्या चौघांचा फोटो आला, खुर्चीतल्या मुलीचं नावही नव्हतं. "टाळ्या त्याईले पडल्या पंत," बाई म्हणाल्या, "आणि अभ्यास म्या केला होता." हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

आता कोर्टाच्या लिफ्टबद्दल. आमच्या इमारतीत लिफ्ट होती. तिच्या दारावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी होती, आणि ती पाटी कोणीतरी प्लास्टिकमध्ये मढवून आणली होती, त्यावरून मुक्कामाचा अंदाज यावा. घरमालक म्हणे, दुरुस्ती सरकारने करायची. सरकारी खातं म्हणे, मालकाने करायची. बाईंचे अर्ज दोघांकडे जायचे आणि दोघांकडून एकमेकांकडे. कुबडी आणि लोखंडी पट्ट्यांनिशी तो उभा, कठड्याला तेल लागलेला जिना चढणं म्हणजे एकदा पडून मांडीचं हाड मोडून घेणं, आणि ते त्यांचं एकदा करून झालं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा करायला मनाई केली होती.

आमच्या वकील संघाचे अध्यक्ष तिवारीजी म्हणजे सोन्यासारखा माणूस. त्यांना हे बघवेना. एक दिवस त्यांनी कळमन्याच्या बाजारातून दोन हमाल आणि एक मजबूत खुर्ची आणवली. "दीदी, अब चिंता मत करो," तिवारीजी म्हणाले, "तारीख के दिन ये दोनों आएंगे, आपको फूल जैसा ऊपर ले जाएंगे." सगळं शेड कौतुकाने बघत होतं. बाईंनी हमालांना समोर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "तुमची नोंदणी आहे का गा? हा खांदा असा काहून सुजला? पोतं पडलं होतं? मालकानं काय देल्लं मंग?" पुढच्या तारखेला ते दोघे आले ते बाईंना उचलायला नाही, वकालतनाम्यावर अंगठा करायला आले. खुर्ची तिवारीजींच्या टेबलाशी राहिली. त्यात अजून तिवारीजीच बसतात.

मग आमच्याकडे एक नवे न्यायाधीश बदलून आले. माणूस खरोखर चांगला होता. बाईंची अडचण कळताच ते म्हणाले, "मॅडम वर येऊ शकत नाहीत तर मी खाली जातो." आणि बाईंचं प्रकरण असलं की साहेब, लघुलेखक, समोरचे वकील, साक्षीदार, सगळे खाली उतरून त्या फायलींच्या खोलीत बसायला लागले. कोणीतरी फोटो काढला, पेपरात आला, 'न्याय उतरला पायऱ्या!' असा मथळा. संघाने साहेबांचा सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, आणि तिवारीजींनी आग्रह करून बाईंना दोन शब्द बोलायला लावले. तो आग्रह त्यांना महागात पडला.

"साहेब चांगले आहेत," बाई म्हणाल्या, "त्याचीच मला भीती वाटते. चांगल्या साहेबांची बदली होते. पायऱ्यांची होत नाही."

साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर शेडमध्ये चर्चा एकच होती, की एवढा मोठा माणूस हिच्यासाठी खाली उतरतो आणि हिला त्याचं काही नाही. मीही थोडा वैतागलोच होतो. मी म्हटलं, "बाई, काम होतंय ना? मग कुठे होतंय याच्याशी काय करायचं आहे?"

"काम होऊन नाही राहिलं पंत," त्या म्हणाल्या, "उरकून राहिलं."

त्या खोलीत एकदा गेलो तेव्हा मला कळलं. खोली एवढीशी, चारी बाजूंनी गठ्ठे. आठ माणसं बसली की दार लावून घ्यावं लागे. कंपनीच्या माणसाला खुर्ची आणि साहेबांबरोबर चहा. कामगाराला जागा नाही, तो दाराशी उभा. उघडं कोर्ट असं काही तिथे उरतच नव्हतं. वर कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून, दहा वकील आणि पन्नास कामगारांसमोर खोटं बोलायला माणूस कचरतो. खाली तो आरामात बसून बोलायचा. आणि आणखी एक गोष्ट हळूहळू होत होती. बाईंचे अशील जायला लागले होते. कोणी तोंडावर बोलत नसे, पण एकाने मला सांगितलं, "आम्हाले वरच्या कोर्टातला वकील पाहिजे साहेब." बाई इतक्या वर्षांच्या वकिलीत जेवढ्या पुढे आल्या होत्या, तेवढंच या दयाळू व्यवस्थेने त्यांना मागे नेलं. त्यांच्या टेबलाशी गर्दी असायची तिथे आता दुपारी मांजर झोपायचं.

अशात रुखमाचं प्रकरण उलटतपासाला आलं. रुखमा कळमेश्वरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीचं म्हणणं, ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची चिठ्ठी नाही. त्यांचा सुपरवायझर शपथेवर लिहून देऊन मोकळा झाला होता की, ही बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. आता त्याला उलट प्रश्न विचारायचे बाईंनी. तोच एक धागा होता. तो सुटला तर रुखमाच्या हातात भरपाई नाही, आणि धड हातही नाही.

आणि नेमक्या याच प्रकरणात बाईंनी अर्ज दिला: उलटतपास मी फायलींच्या खोलीत घेणार नाही. उघड्या कोर्टात घेईन. मला तिथे पोचवण्याची सोय करा.

कंपनीचे वकील म्हणाले, मॅडम वेळ काढत आहेत. साहेबही त्या दिवशी नाराज झाले. "मी खाली येतो म्हणतोय ना, मॅडम?" त्यांनी एक तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी उलटतपास घेतला नाही तर 'घेतला नाही' असा शेरा मारून पुढे जाईन. म्हणजे सुपरवायझरचं खोटं जसंच्या तसं खरं होऊन बसणार.

मी त्या दिवशी बाईंशी भांडलो. "तुमच्या मानापमानात त्या बाईचा दावा बुडवू नका," असं मी बोलून गेलो. रुखमा तिथेच जमिनीवर बसली होती, हात पदराखाली. तीही म्हणाली, "बाई, माह्यापायी कायले भांडता सायबाशी?"

बाई तिला म्हणाल्या, "तुह्यापायी नाही वं. माह्यापायी भांडून राहिली. पंत खरं बोलून राहिले. दावा तुहा आहे, तं तूच सांग. खाली घ्याचा म्हणशीन तं खाली घेतो, अर्ज फाडून टाकतो."

रुखमा म्हणाली, "खाली त्याले चहा देतेत अन् मी दाराशी उभी राह्यतो. वरच घ्या. मले त्याले पिंजऱ्यात उभा पाह्याचा आहे."

"झालं मंग," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

तारखेच्या दिवशी सकाळपासून शेडमध्ये कोणाचं लक्ष कामात नव्हतं. लिफ्टवरची पाटी होती तिथेच होती. बाई आल्या, स्कूटर लावली, आणि शेडमध्ये न येता थेट जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या बाकावर जाऊन बसल्या. रुखमाला म्हणाल्या, "तू वर जा वं, तुहं नाव पुकारतीन." रुखमा कठड्याला धरून सावकाश चढू लागली. कंपनीचा सुपरवायझर आणि त्यांचे वकील मागून घाईने आले, पहिल्या वळणावर तिला ओलांडून पुढे गेले. सुपरवायझर जाता जाता तिला काहीतरी बोलला. मी फाटकाजवळ होतो, मला ऐकू आलं नाही. मग मीही वर गेलो आणि पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभा राहिलो, कारण कोर्टात जाऊन साहेबांना तो शेरा मारताना बघायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या इमारतीचा जिना मधल्या मोकळ्या चौकोनाभोवती फिरत वर जातो. दुसऱ्या मजल्यावर शिपायाने पुकारा केला. "अर्जदार रुक्मिणीबाई! अर्जदाराचे वकील!"

खालून आवाज आला, "हाजिर!"

मी आजवर बरेच पुकारे ऐकले, पण असं उत्तर ऐकलं नव्हतं. ते तळमजल्यावरून निघालं आणि गच्चीच्या दारापर्यंत गेलं. टाइपरायटर थांबले. लोक खोल्यांमधून बाहेर येऊन कठड्यांवर वाकले.

"अर्जदाराची वकील हजर आहे साहेब!" बाई खालून म्हणाल्या. त्या बाकावरून उठून कुबडीवर सरळ उभ्या राहिल्या होत्या, मान वर केलेली. "कोर्टाच्या इमारतीत आहे, काळ्या कोटात आहे, वेळेवर आहे! साक्षीदाराला उभं करा, मी प्रश्न विचारते. मी वर येऊ शकत नाही, माझा आवाज येतो!"

कंपनीचे वकील बाहेर धावत आले. "हा कोर्टाचा अवमान आहे, साहेब! हा काय बाजार आहे का?"

मग साहेब स्वतः बाहेर आले. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी खाली पाहिलं. बाईंनी वर पाहिलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं की आज या बाईंची वकिलीची सनद गेली. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. रागाने की शरमेने, ते मला आजही सांगता येणार नाही. अखेर ते शिपायाला म्हणाले, "टेबल बाहेर घ्या. वकील हजर आहेत. मला ऐकू येतंय."

टेबल बाहेर आलं. लघुलेखक स्टुलावर बसला. सुपरवायझरला दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभं केलं, आणि त्याच्या शेजारी, हात पदराखाली घेऊन, रुखमा.

"साक्षीदार," बाई खालून म्हणाल्या, "तुमच्या शेजारी उभी आहे त्या बाईंना तुम्ही या दाव्याच्या आधी कधी पाहिलं?"

"नाही."

"नाव ऐकलं होतं?"

"नोटीस आली तेव्हा वाचलं."

"नोटिशीत काय नाव आहे?"

तो वकिलांकडे बघून म्हणाला, "रुक्मिणी. रुक्मिणी देवराव."

"बरोबर. सगळ्या कागदांवर तेच आहे. आता सांगा, मघाशी जिन्याच्या पहिल्या वळणावर तुम्ही तिला काय म्हणालात?"

कंपनीचे वकील हरकत घ्यायला पुढे झाले, साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं.

"मी जिन्याखाली बसलेली होती," बाई म्हणाल्या. "कोर्टानं मला तिथंच जागा दिलेली आहे. इथं सगळं ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, 'सर वं रुखमे बाजूले, तुहं कामच ढिल्लं.' म्हणालात की नाही?"

कठड्यांवर कुजबुज झाली. सुपरवायझरने कपाळ पुसलं.

"रुखमा तिला कोण म्हणतं? घरचे म्हणतात, आणि मशीनवर बाजूला काम करणारे म्हणतात. तुम्ही तिच्या घरचे आहात का?"

तिन्ही मजले हसले. साहेबांनी टेबलावर हात आपटला. सुपरवायझर अडखळत म्हणाला, "ते... सवयीनं निघून गेलं तोंडातून."

"सवयीनं," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढा नव्हता, चढवायची गरजच नव्हती. "लिहून घ्या, साहेब. साक्षीदार म्हणतात, सवयीनं. माझे प्रश्न संपले."

रुखमाला भरपाई मिळाली. निकाल वाचून दाखवला तेव्हा ती रडली नाही. सुपरवायझर कुठे दिसतो का, ते बघत होती. पण उलटतपासाच्या दिवशी आणखी एक गोष्ट साहेबांनी केली, ती महत्त्वाची. कोर्टाच्या रोजच्या नोंदीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'अर्जदाराच्या वकील जिन्याच्या पायथ्याशी हजर. लिफ्ट बंद असल्याने न्यायालय त्यांना न्यायालयात येऊ देऊ शकले नाही.' वकील येऊ शकल्या नाहीत, असं नाही लिहिलं. ते वाक्य वरिष्ठांपर्यंत गेलं, तिथून घरमालकाकडे आणि खात्याकडे गेलं, आणि मग इतकी वर्षं कोणाच्याच मालकीची नसलेली लिफ्ट अचानक दोघांच्याही मालकीची झाली. दुरुस्त झाली. ती पाटी काढली. फीत कापायला बाईंना बोलावलं, बाईंनी निरोप पाठवला, "मले त्या दिवशी तारीख आहे." तारीख नव्हती. मला माहीत होतं.

साहेबांची बदली झाली. जायच्या दिवशी ते शेडमध्ये आले, आमच्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..." बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पोहे मागवले आणि म्हणाल्या, "तुम्ही चांगले होते साहेब. आता पुढच्यानं चांगलं असायची गरज नाही पडली पाहिजे, एवढंच होतं माझं." साहेबांनी पोहे पूर्ण खाल्ले, तर्रीसकट.

बाईंचं टेबल पुन्हा भरलं. मांजराने जागा बदलली. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच, दुपारी कूलरसमोर बसलेल्या असताना, त्यांचं हृदय बंद पडलं. मी गावाला होतो, उशिरा कळलं. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. उन्हाची बाजू सोडून पंख्याखाली बसायला मला अजून जमत नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुट्टी लागायच्या आधी, दुसऱ्या मजल्यावर. नवे न्यायाधीश रुजू होऊन आठवडाच झाला होता. तापट माणूस, कोणाची ओळखपाळख नाही. बाईंचा साक्षीदार आला नव्हता आणि त्या पुढची तारीख मागत होत्या. साहेबांनी फाइल चाळली आणि कडाडले, "मॅडम, मागच्या वेळी हेच, त्याच्या मागच्या वेळीही हेच. हे कोर्ट आहे की तुमचा ओटा? तयारी करून येता येत नसेल तर येऊ नका. अर्ज नामंजूर. बसा खाली!"

कोर्टात सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमचा एक नवा वकील उठला, हात जोडून म्हणाला, "सर, मॅडमच्या बाबतीत जरा... म्हणजे मॅडमची परिस्थिती..." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाक्य अर्धं टाकून बसला.

मी बाहेर आलो, मागोमाग बाई आल्या. मला वाटलं, आता यांना काय बोलायचं. माझ्या तोंडून सांत्वनाचं काहीतरी निघणार होतं, पण त्यांच्याकडे बघितलं आणि थांबलो. बाईंचा चेहरा फुलला होता. पदवी मिळाली त्या दिवशी तो असाच फुलायला हवा होता.

"पंत, ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "झापलं मले. सगळ्याईदेखत झापलं, जसं तुम्हाले झापतेत तसं."

"चूक तुमचीच होती," मी म्हटलं.

"माहीच होती. तेच तं सांगून राहिली ना गा." त्यांनी माझा हात घट्ट धरला, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "पाय पाह्यलाच नाही त्यानं. फाइल पाह्यली."

आत त्यांच्या दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला. बाईंनी कोट सारखा केला आणि पुन्हा भांडायला आत गेल्या.